वाघाचं रूप

धाकू घाडीच्या हातची आमटी एकदा खाल्ली की माणूस पुढच्या वर्षीही आमच्याच कंपनीत बुकिंग करायचा. हे मी मॅनेजर म्हणून सांगतोय, उगाच कुणाचं कौतुक करायची मला सवय नाही. अंधेरीला दोन खोल्यांचं ऑफिस होतं आमचं. बाहेरच्या खोलीत काश्मीरचं, कन्याकुमारीचं आणि एका वाघाचं पोस्टर, आतल्या खोलीत मालक. मी, जयवंत, वर्षातले सात महिने चाळीस-पन्नास मराठी माणसं घेऊन देशभर हिंडायचो. आपली माणसं कशी असतात ते तुम्हाला काय सांगायचं! श्रीनगरला दल लेकमध्ये बसून पिठलं मागतील. जगन्नाथपुरीला पोचले की पहिला प्रश्न, आज आमटी चिंचेची की आमसुलाची? त्यांना देश बघायचा असतो, पण जेवायला घरी यायचं असतं. म्हणून स्टोव्ह, पिंपं, पातेली, पाटा-वरवंटा असे सामानाचे अठरा डाग आणि धाकू आमच्याबरोबर.

धाकू मूळचा कणकवलीकडचा. लोअर परळला एका गिरणीच्या कँटीनमध्ये वीस वर्षं होता. तिथंच एकदा कढईतलं तेल उडून त्याचा डावा डोळा पांढरा झाला. बुबुळावर साय धरल्यासारखी. उजवा मात्र शाबूत, त्या एका डोळ्यानं तो तांदळातला खडा हातभरावरून ओळखायचा. ब्याऐंशीचा संप झाला, गिरणी काही परत उघडली नाही, आणि त्र्याऐंशीत तो आमच्याकडे आला. पन्नाशीला टेकलेला, काटकुळा, गळ्यात तुळशीची माळ. बायको रुक्मिणी आणि तो, दोघंच. जोगेश्वरीला गुंफेच्या मागच्या उतारावर बैठ्या चाळीत एक खोली. मी त्याच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, पण मी त्याला अरे-धाकू म्हणायचो आणि तो मला भाऊ. तेव्हा त्यात मला काही वावगं वाटलं नाही.

चाळीतल्या लोकांना वाटायचं, धाकूनं सगळा हिंदुस्थान पालथा घातलाय. घातलाच होता की! पण कसा? ताजमहाल बघायला बस निघाली की हा लॉजच्या मागच्या नळावर भांडी मांडून बसलेला. काझीरंगात लोक गेंडा बघत होते तेव्हा हा ओल्या लाकडांना फुंकर घालून रडकुंडीला आलेला. त्याचा देश वेगळाच होता. कुठल्या गावी डाळ शिजत नाही, कुठलं पाणी चहा नासवतं, कुठं कोथिंबीर फुकट मिळते, हे सगळं तोंडपाठ. श्रीनगरला होडीतून भाजी विकणारा म्हातारा, जैसलमेरचा उंटवाला, गुवाहाटीच्या बाजारातली आल्याची म्हातारी, सगळे ह्याचे दोस्त. भाषा कुठली म्हणाल तर मालवणीत चार हिंदी शब्द टाकायचा, पण भाजी आमच्यापेक्षा स्वस्तात आणायचा. आणि प्रत्येक ठिकाणाहून मूठभर तांदूळ फडक्यात बांधून घरी न्यायचा. रुक्मिणी तो रविवारी वेगळा शिजवायची. दोघं भिंतीला टेकून बसायची आणि आज काश्मीर जेवलो, आज आसाम जेवलो असं म्हणायची. मला हे कळल्यावर मी सगळ्या ऑफिसात सांगून हसलो होतो.

एकच गोष्ट त्याला बघायची होती. वाघ.

त्यामागं एक भानगड होती. त्यांच्या गावात दिवाळीच्या तोंडावरच्या बारशीला वाघबारस करतात. गुराख्यांतला एक पोरगा वाघ होतो. त्याला हळद आणि काजळीचे पट्टे ओढतात, तो चार पायांवर रानातून येतो आणि बाकीचे त्याला काकड्या नाहीतर गवताचे पेंढे मारून सीमेपार हाकलतात. म्हणजे वर्षभर गुरांना वाघाची बाधा नाही. दोन नियम पक्के. मारायचं ते पायांवर, तोंडावर नाही. आणि वाघ झालेल्यानं पाठ दाखवायची नाही, तोंड लोकांकडेच ठेवून मागं मागं सरकत जायचं. वाघ पाठ दाखवत नाही, आणि वाघाला कुणी पाठ दाखवू नये. घाड्यांच्या घरातला हा सगळ्यात गरीब पोरगा, म्हणून सात वर्षं ओळीनं हाच वाघ झाला. पुढं मुंबईला आला. निघताना गावच्या म्हाताऱ्यानं सांगितलं होतं, बाबा रे, ज्याचं रूप घेतलंस त्याला एकदा रानात समोर जाऊन ते परत कर, नाहीतर ते अंगावर राहतं.

आता हसा तुम्ही. मीसुद्धा हसलो होतो. पण धाकूचा हिशोब सरळ होता. डोळा गेला, मूल जगलं नाही, गिरणी बंद पडली, सगळं त्या अंगावर राहिलेल्या रूपामुळे. मी म्हटलं, अरे मग राणीच्या बागेत जा की, तिथं आहे ना वाघ. तर म्हणाला, पिंजऱ्यातला तो वाघ नव्हे, कैदी. मी राहायला दिंडोशीला. आरेच्या बाजूनं बिबट्या यायचा आणि कॉलनीतली कुत्री उचलायचा. मी म्हटलं, मग माझ्या बिल्डिंगच्या जिन्यात बस रात्रभर. त्याचंही उत्तर तयार. ठिपक्यांचा नको, पट्ट्यांचाच पाहिजे, आपण ठिपके कधी काढलेच नव्हते.

मध्य प्रदेशात कान्ह्याच्या जंगलाला आमची ट्रिप वर्षातून दोनदा जायची. पहिल्याच वर्षी त्यानं मला गाठून विचारलं, "भाऊ, माका येकदा वाघ बघूचो आसा. जीपीत जागा मिळात काय?" मी म्हटलं, अरे त्यात काय, बघू की. आणि मग दर ट्रिपला 'बघू की' चालू झालं. एकदा जीप भरलेली होती. एकदा कुणाला कावीळ झाली, त्याचं पथ्याचं वेगळं रांधायचं होतं. एकदा नुसताच कंटाळा आला मला, स्वयंपाक्याला पाहुण्यांत बसवलं की लोक कुरकुरतात. चार ट्रिपा अशा गेल्या. खरं सांगू का? मला तो वाघ शिल्लक ठेवायचा होता. पार्ल्याचा एक लग्नाचा केटरर धाकूला ओढायला टपलेला होता, आणि मला माहीत होतं की वाघ दिसेपर्यंत हा माणूस कुठं जात नाही. घोड्यापुढं गवत धरतात तसं मी ते धरून ठेवलं.

पंच्याऐंशीच्या दिवाळीची ट्रिप. एकेचाळीस माणसं आणि सगळी नमुनेदार. त्यांत मुलुंडचे श्यामसुंदर प्रधान आणि त्यांच्या मिसेस जयंतीबाई. प्रधान बँकेत ऑफिसर, गळ्यात जपानी कॅमेरा, आणि बँकेच्या क्रिकेट टीममध्ये एके काळी फास्ट बोलर. हे शेवटचं त्यांनी नागपूर यायच्या आत सगळ्या डब्याला सांगून झालं होतं. जंगलात आमच्या तीन फेऱ्या झाल्या. हरणं दिसली, बारशिंगे दिसले, गवे दिसले, मोर तर पायलीला पन्नास. वाघ नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाली आणि रेस्ट हाउसच्या व्हरांड्यात लोकांनी मला घेरलं. जाहिरातीत वाघाचं चित्र छापता आणि दाखवता काय, तर शेळ्या? प्रधान म्हणाले, मुंबईला गेल्यावर मालकांशी बोलावं लागेल. माझी वाट लागली. मालक माझा चुलतमामा होता, पण नोकरीवरून काढताना नातं बघणारा माणूस नव्हता.

त्या दिवशी वसुबारस होती. जयंतीबाईंचा उपास, म्हणून धाकूनं त्यांच्यापुरती बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी वेगळी केली होती. ती वाढताना तो सहज बोलून गेला की आमच्या गावात आज वाघबारस. ते माझ्या डोक्यात राहिलं होतं. मी दोन्ही हात वर करून जाहीर केलं की मंडळी, चारच्या फेरीपर्यंत आपल्याकडे करमणुकीचा खास कार्यक्रम आहे, जंगलातला वाघ येत नाही तर आपण आपला वाघ आणू. टाळ्या पडल्या. मी मागं गेलो.

धाकू पातेलं घासत होता. मी सांगितलं तसा त्याचा हात थांबला. नाही म्हणाला. कधी नाही ते सरळ नाही म्हणाला. "आता रूप घेवचा नाय, भाऊ. ह्या परत करूचा आसा." मी त्याला समजावलं, चुचकारलं, मग चिडलो. उद्या सकाळी हत्ती वाघ शोधायला निघणार होते. आमच्यातल्या एका आजींना हत्तीची भीती वाटत होती, त्यांची जागा रिकामी होती. मी म्हटलं, आज वाघ झालास तर उद्या ती जागा तुझी. नाही झालास तर यापुढं कान्ह्याच्या ट्रिपला तुला आणणारच नाही, काश्मीरला बटाटे सोलत बस.

त्यानं पातेलं पालथं घातलं. मग म्हणाला, तोंडावर कुणी काही मारायचं नाही, एवढं सांगाल ना सगळ्यांना? मी म्हटलं, सांगतो. तेलात हळद कालवली त्यानं, पातेल्याच्या बुडाची काजळी घेतली आणि स्वतःच्या हातानं स्वतःला पट्टे ओढले. अंगात फक्त अर्धी चड्डी. बावन्न वर्षांचा माणूस.

आणि काय वाघ केला हो त्यानं! झकास. मागच्या आवळ्याच्या झाडांतून तो चार पायांवर आला तेव्हा दोन बायका खरंच ओरडल्या. खांदे हलत होते, मान खाली, तो एकच डोळा सगळ्यांवरून फिरत होता. लोक इतके खूश झाले की मीही खूश झालो. खाली पडलेली सालं, टोमॅटो, गवताच्या जुड्या, जे हाताला येईल ते लोक मारायला लागले. धाकू तोंड आमच्याकडे ठेवून मागं मागं सरकत होता, नियमाप्रमाणं. तोंडावर मारू नका हे सांगायचं मी विसरलो होतो. नाही, विसरलो नव्हतो. सांगणार होतो, पण लोक इतक्या रंगात आले होते की मधे बोलून रंग कशाला घालवायचा असं वाटलं.

आवळे टणक असतात, दिवाळीतले तर गोटीसारखे. प्रधानांनी एक आवळा उचलला, चड्डीला पुसला, चार पावलं धावत आले आणि बोलिंग टाकली. लोक 'हाउज द्याट' ओरडले. धाकू जागच्या जागी बसला. दोन्ही हात उजव्या डोळ्यावर. आम्हाला वाटलं नाटकच आहे, वाघ मेला. टाळ्या थांबेनात. जयंतीबाईंनी पहिल्यांदा पाहिलं की हळदीतून रक्त येतंय.

आता डॉक्टर. तिथून गाव तासाभरावर. जीप होती, पण ती चारच्या फेरीला लागत होती. आणि याला पाठवलं तर रात्रीचा स्वयंपाक कोण करणार? मी डोळा पाण्यानं धुतला, बोरिक टाकलं, फडकं बांधलं आणि म्हटलं, हळदीनं झोंबतंय रे, उतरेल सकाळपर्यंत. प्रधान आले, सॉरी म्हणाले, अहो मी स्टंपवरच टाकला होता, तोच मधे आला. त्यांनी धाकूला एक क्रोसिन दिली. त्या संध्याकाळी धाकूनं एकेचाळीस माणसांना वांग्याचं भरीत आणि भाकरी चापून जेवायला घातली. डोळ्यावर फडकं आणि डावा डोळा पांढरा, सगळं हातानं चाचपून. मीठ एवढंसुद्धा कमी-जास्त झालं नाही. लोकांनी वाहवा केली.

सकाळी त्याचा डोळा सुजून बंद झाला होता, वरून निळा. मला वाटलं आता हा येत नाही. पण हा आंघोळ करून, कपाळाला गंध लावून, धुतलेला सदरा घालून व्हरांड्यात उभा. मला म्हणाला की एवढीशी फट आहे, उजेड कळतोय, जंगलात गेल्यावर उघडेल. मी शब्द पाळणारा माणूस आहे. त्याला नेलं.

हत्तीच्या पाठीवर पाठीला पाठ लावून चार माणसं बसतात. दोन या अंगाला तोंड करून, दोन त्या अंगाला. आमच्या हत्तीवर पलीकडच्या बाजूला प्रधान आणि जयंतीबाई, अलीकडे मी आणि धाकू. धाकूनं खिशात घरून आणलेला एक तांदळाचा पुडा ठेवला होता. गावचा तांदूळ, वाघापुढं टाकायला. हत्ती बांबूंच्या बेटातून गेला आणि थांबला. माहुतानं बोट केलं.

वाघ होता. चांगला मोठा, बेटाच्या सावलीबाहेर बसलेला. पण प्रधानांच्या बाजूला. मी मान मागं वळवून बघितला. धाकूला ऐकू आलं असावं की सगळ्यांचा श्वास थांबलाय. त्यानं माझा दंड धरला. "आसा? माका काय दिसना नाय, भाऊ. तोंड खयच्या बाजूक आसा तेचा?"

माहूत हत्ती फिरवायला लागला होता. ते दोन्ही बाजूच्या माणसांना दाखवतात, तशी रीतच आहे. फिरवला असता तर अर्ध्या मिनिटात धाकूचं तोंड वाघासमोर आलं असतं. पण प्रधानांनी दबक्या आवाजात थांब म्हटलं. त्यांचा रोल संपला होता, दुसरा भरत होते, हत्ती हलला तर वाया जाईल. त्यांनी माझ्याकडे बघितलं. या माणसाच्या तोंडी माझी नोकरी होती. मी माहुताला हातानं खूण केली, राहू दे.

आणि धाकू विचारत होता कुठं. आता त्याला सांगायचं काय? मागं वळ म्हटलं तर तो उठून वळणार, हौदा हलणार, आणि प्रधान खवळणार. माझ्या मनात त्या क्षणी जे आलं ते जसंच्या तसं सांगतो. याला दिसतच नाही, तर कुठल्याही बाजूला बघितलं काय, न बघितलं काय. मी त्याची हनुवटी धरली. ती होती तिथंच धरून ठेवली. कानात म्हटलं, समोर. अगदी समोर आहे, तुझ्याकडेच बघतोय.

त्याच्यासमोर चार बांबू आणि वारूळ होतं.

धाकूनं हात जोडले. पुडा सोडून त्यानं तांदूळ पुढं टाकला आणि बोलायला लागला. पुटपुटला असता तर चाललं असतं. पण तो गावच्या सीमेवर उभा राहून बोलतात तसा मोठ्यानं बोलला. "बाबा, सात वर्सां तुझा रूप घेतलंय, कालच्या धरून आठ. ता तुका परत केलंय. माका मोकळो कर."

वाघ उठला आणि बेटात गेला. प्रधानांचा रोल नुकताच भरून झालेला. तोंडातल्या तोंडात त्यांनी जी शिवी दिली ती त्यांच्या मिसेसनी ऐकली नाही असं दाखवलं. पण धाकूच्या तोंडावर जे होतं ते मी नीट बघितलंय. मी कुणाच्या तोंडावर तेवढा आनंद परत बघितला नाही. त्याच्या त्या मिटलेल्या डोळ्यातून पाणी गळत होतं, रक्त मिसळलेलं, आणि तो हसत होता. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, मला वाटलं की आपण पुण्याचं काम केलं.

जबलपूरला डॉक्टरला दाखवलं तेव्हा तिसरा दिवस होता. तो मलाच ओरडला. ताबडतोब आणला असता तर, वगैरे. मुंबईला आल्यावर आठवडा हॉस्पिटलात काढून धाकू दोन्ही डोळ्यांनी आंधळा होऊन घरी गेला. मालकांनी मला कागद लिहायला लावला की स्टोव्हचा भडका उडून आचाऱ्याला इजा झाली. मी लिहिला. प्रधानांनी काही तक्रार केली नाही. उलट फोन करून त्या आचाऱ्याची चौकशी केली आणि मे महिन्याचं सिमल्याचं बुकिंग केलं.

डिसेंबरात मी जोगेश्वरीला गेलो. मालकांनी दिलेलं पाकीट पोचवायचं होतं. धाकू खाटेवर बसला होता, कडेला पाय सोडून. वाळला होता, पण तोंडावर ते हसू तसंच. रुक्मिणीनं चटई टाकली. मी म्हटलं वहिनी, कसं चाललंय, तर ती काही रडली-भेकली नाही. चाळीतल्या चार घरची धुणी धरली होती तिनं. म्हणाली, डोळे गेले, पण माणूस सुखी आहे. रात्री शांत झोपतो. इतक्या वर्षांत असा झोपला नव्हता. रूप परत केलं ना.

मग तिनंच विषय काढला. ह्यांना काही सांगता येत नाही, म्हणाली, ह्यांच्या डोळ्याला दिसलाच नाही. "भाऊ, तुमी बघितलात मां? वाघ कसो होतो तो सांगा. आमी दोगांय आयकतो."

वर्णन करायचं म्हटलं की मी सुटतोच. तो माझा धंदा आहे, बसच्या माइकवर पंधरा वर्षं मी तेच करत आलोय. शिवाय यावेळी खोटं काही सांगायचं नव्हतं, बघितलेलंच सांगायचं होतं. मी रंगात आलो. केवढा मोठा, वहिनी, अहो म्हशीएवढा. बेटाच्या बाहेर येऊन बसलेला, पुढचे पंजे एकावर एक. मिशा पांढऱ्या. आणि सकाळचं कोवळं ऊन बरोबर त्याच्या तोंडावर पडलेलं, त्यामुळं ते पट्टे असे झळकत होते आणि ऊन लागतंय म्हणून डोळे बारीक करून तो आमच्याकडे बघत होता.

रुक्मिणी पदर तोंडाला लावून ऐकत होती. धाकूचं हसू हळूहळू गेलं. मला कळेना काय झालं. त्यानं हात उचलून आपल्या गालाला लावला. मग कपाळाला लावला.

"ऊन?" तो म्हणाला. "ऊन तर माझ्या तोंडार होता."

आंधळ्या माणसाला उन्हाची याद राहते, हे मला सुचलंच नव्हतं. समोरासमोर बसलेल्या दोघांच्या तोंडावर सकाळचं ऊन कसं पडेल? एकाच्या तोंडावर पडलं तर दुसऱ्याच्या पाठीवर पडणार. हे एखादं पोर सांगेल. धाकूनं ते मनातल्या मनात दोनदा जुळवून बघितलं असणार. मला वाटलं आता शिव्या घालील, अंगावर येईल. आला असता तर बरं झालं असतं.

"म्हंजे तो माझ्या पाठीक होतो," तो म्हणाला. अगदी हळू. "भाऊ, मी तेका पाठ दाखयलंय."

रुक्मिणीला काही समजलं नाही. ती माझ्याकडे बघत होती, मी पुढं सांगावं म्हणून. मी म्हटलं, अरे नाही रे धाकू, हत्ती फिरला होता ना, ऊन कुठूनही येतं जंगलात. त्यानं तोंड माझ्या आवाजाच्या दिशेनं धरून ठेवलं होतं, आणि मग तसाच, तोंड माझ्याकडेच ठेवून, खाटेवर मागं मागं सरकत गेला, पाठ भिंतीला लागेपर्यंत.

रुक्मिणीनं चहा आणला. मी तो प्यायलो आणि पाकीट तिच्या हातात ठेवून निघालो. फाल्गुनात धाकू गेला असं ऐकलं. रात्रीची झोप परत उडाली होती म्हणे. मी तेव्हा कान्ह्याला होतो, नव्या आचाऱ्याला घेऊन. तिसऱ्या फेरीला वाघ दिसला, सगळ्यांना दिसला. माहुतानं हत्ती दोन्ही बाजूंनी फिरवला.